आकाश कोणाचे?

दिवाळीच्या आधी चार-सहा दिवस आमच्या घरी एक पोस्टकार्ड येत असे. पन्नास पैशांचे, साधे. पत्त्याच्या जागी बारीक, उभट अक्षरांत माझे नाव आणि मागच्या संबंध बाजूवर एक चित्र. कधी पणती, कधी अंगणातला किल्ला, कधी नुसतीच कुंपणालगतची शेवंती. मजकुराची एक ओळही नसे. पोस्टकार्डाचा कागद जलरंगाला अगदी निरुपयोगी. पाणी पडले की फुगतो, रंग पिऊन टाकतो आणि मग काही केल्या दाद देत नाही. तरी सर त्यावर असे काही कोरड्या हाताने रंगवीत, की कार्ड देताना पोस्टमनसुद्धा ते क्षणभर हातात धरून ठेवी. सव्वीस वर्षे ही कार्डे आली. २०२३ च्या दिवाळीत आले नाही. सर श्रावणातच गेले होते, हे मला ठाऊक होते. त्यांना खांदा देणाऱ्यांत मीही होतो. तरीसुद्धा वसुबारसेच्या दिवशी पोस्टमन दारावरून पुढे निघाला, तेव्हा मी त्याला हाक मारून विचारले, "काही राहिले तर नाही ना?"

गेलेल्या माणसावर लिहायचे म्हणजे गोड लिहायचे, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याविषयी बोलताना जीभ आवरावी, हे सभ्यतेला धरूनच आहे. सणाच्या दिवशी, फराळाचे ताट पुढ्यात असताना वाचायच्या अंकात तर ती अधिकच आवरायला हवी. मलाही सरांविषयी नुसते गोडच लिहायला आवडले असते. तसे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु त्यांची आठवण काढली, की एका चित्रातले आकाश माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र माझ्या नावावर आहे आणि ते आकाश माझे नाही.

आमच्या गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. कृष्णेच्या काठी, वाईपासून दोन-अडीच कोसांवर ते आहे, एवढे पुरे. तिथल्या शाळेत सर चित्रकला शिकवीत. गावातले लोक त्यांना 'ड्रॉइंगमास्तर' म्हणत, आणि या शब्दात जेवढा मान असतो तेवढाच देत. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी हक्काने उसना घ्यायचा तास. सर तो मुकाट्याने देत आणि शाळा सुटल्यावर चिंचेखालच्या खोलीत आम्हाला घेऊन बसत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना बसणारी आम्ही दहा-बारा मुले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळे ते नेमाने करून घेत. पण शनिवारी उन्हे कलली, की त्यांचा चेहरा बदले. "उद्या नदीवर," एवढेच म्हणत. मग रविवारी पहाटे पहिल्या एस. टी.ने आम्ही वाईच्या घाटावर.

महागणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी त्या निमुळत्या टोकावर आपटून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून ती तशी बांधली, हे मला इतिहासाच्या पुस्तकाने नव्हे, सरांनी सांगितले. "ज्याने हे देऊळ १७६२ साली बांधले त्याला पाणी समजत होते. तुम्हाला पाणी समजले नाही तर जलरंग समजणार नाही."

हे पाणी समजणे फार अवघड होते. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात पडलेला डाग पडला. पुसू जाल तर कागदाची साल निघते. त्यातून सरांचा एक दंडक असा, की पेटीतल्या पांढऱ्या रंगाला हात लावायचा नाही. नवी पेटी आणली की पांढरी वडी ते स्वतः उकरून काढीत आणि खिडकीतून टाकून देत. कागद पांढरा आहे. जिथे उजेड हवा तिथे तो तसाच राखायचा. म्हणजे देवळाच्या कळसावर जे ऊन पडणार त्याचा विचार पहिला थेंब टाकण्याआधी करायचा. नंतर आठवण होऊन काही उपयोग नाही. "प्रकाश रंगवता येत नाही, बाळ, राखता येतो," असे ते म्हणत. बारा-चौदा वर्षांच्या पोरांना यातले काय कळणार? आम्ही सगळेच कागद भरून टाकीत असू, आणि मग ते आमच्या चित्रांकडे असे पाहत, की जणू आम्ही घरातला दिवा फुंकून विझवला आहे.

ते साधू नव्हते, हेही सांगायला हवे. शोकसभेत त्यांना ऋषी, महात्मा असे बरेच काही म्हणण्यात आले. ऋषी असलेच तर दुर्वासांच्या जातीचे. ब्रश पाण्याच्या डब्यात केसांवर उभा ठेवला, म्हणून त्यांनी माझा ब्रश विहिरीत फेकला होता; आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशांनी नवा आणून, "हा तरी आडवा ठेव," म्हणून हातात दिला होता. त्यांची स्वतःची चित्रे कोणत्या प्रदर्शनात गेली नाहीत. का पाठवीत नाही, असे विचारले तर, "अजून हात बसलेला नाही," असे सांगत. तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते.

चिंचेखालच्या खोलीत एकच चित्र भिंतीवर होते, कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेले. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी ती स्त्री. तिच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो आहे. वाचकांनी ते पाहिलेच असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक वर्षे कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजत आले. वास्तविक ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. सावंतवाडीत जन्मलेल्या, १८८२ ते १९६८ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या मराठी चित्रकाराचे. चित्रात उभी आहे ती त्यांची मुलगी गीता; आणि एवढा अंधार, एवढा उजेड, सगळा जलरंगातला! खोलीत कोणी पाहुणा आला आणि "वा, रविवर्मा!" म्हणाला, की सरांचा चेहरा लाल होई. एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्यांनी सर्वांदेखत सांगितले, "साहेब, ज्याचे त्याला द्यावे. रविवर्म्याला काही कमी नाही." मुख्याध्यापक अस्वस्थ झाले होते. आम्ही मुले मात्र खूश होतो. ज्याचे त्याला द्यावे, हे वाक्य मी ज्या माणसाच्या तोंडून प्रथम ऐकले, तो हा.

१९९६ च्या जानेवारीत मी नववीत होतो. एका संस्थेने जिल्ह्यातल्या शाळांसाठी निसर्गचित्रांची स्पर्धा ठेवली होती. चित्रे टपालाने पाठवायची होती. सर आम्हाला मेणवलीच्या घाटावर घेऊन गेले. नाना फडणिसांच्या वाड्यामागे नदीला लागून तो घाट आहे. तिथल्या छोट्या देवळात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हा आकडा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्यानंतर ती इकडे आली. (पुढे २००४ साली 'स्वदेस' चित्रपटात हा घाट सबंध देशाने पाहिला, पण तेव्हा तिथे आम्ही, सर आणि चार म्हशी एवढेच होतो.) थंडी मी म्हणत होती. पायऱ्यांवर माझ्या डाव्या हाताला वर्गातली एक मुलगी बसली होती. तिचे नाव मी देत नाही. चित्रकलेत आमच्या वर्गात पहिली ती आणि दुसरा मी, हे सर्वांना माहीत होते, मलाही.

सरांनी त्या दिवशी प्रत्येकाला चांगल्या, जाड, हातकागदाचा एकेक तुकडा दिला होता. दुसरा मिळणार नव्हता. मी तो पाटावर लावून नुसताच बसून राहिलो. हात गारठले होते, आणि खरे सांगायचे तर मन चित्रात नव्हते. नववी संपली की मला मुंबईला पाठवायचे घरात ठरले होते. मामा वाशीच्या बाजारात माथाडी होते. तिथल्याच एका गाळ्यावर ते मला चिकटवून देणार होते. वडिलांच्या अंगावर कर्ज होते आणि धाकटी दोघे होती, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. सरांना हे कोणी सांगितले मला माहीत नाही.

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. "आकाश आधी. ऊन चढले की रंग जातील," म्हणाले. मग खाली बसले, माझा पाट माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि माझ्याच पेटीतले रंग घेऊन आकाश करून दिले. कागद ओला केला, वरून निळा सोडला, तो खाली उतरत फिका होत गेला, आणि क्षितिजाशी त्यांनी पिवळा आणि किंचित किरमिजी असा काही मिसळला, की पलीकडच्या काठावरचा गारवा कागदावर उतरला. पाच मिनिटे लागली असतील. पाट परत देऊन म्हणाले, "आता बाकीचे तू." बाकीचे मी केले. देऊळ, पायऱ्या, वाड्याची भिंत, पाणी. वाईट केले नव्हते. पण सर आकाश करून उठले तेव्हाच ते चित्र झालेले होते. पुढे मी ते फक्त बिघडवले नाही, एवढेच माझे श्रेय.

शिकवताना मास्तर मुलाच्या कागदावर हात चालवतोच. त्यात काही गैर नाही. गैर त्याच्या पुढचे आहे. चित्र लिफाफ्यात सरांनीच घातले. मागे माझे नाव, इयत्ता, वय त्यांनीच लिहिले, त्याच बारीक, उभट अक्षरांत. 'हे चित्र विद्यार्थ्याने कोणाच्याही मदतीशिवाय काढलेले आहे' अशी एक ओळ छापील अर्जावर होती, आणि तिच्याखाली शिक्षकाची सही हवी होती. सही केली. मी समोर उभा होतो. त्यांनी वर पाहिले नाही, मीही काही बोललो नाही.

मार्चमध्ये पहिले बक्षीस मला मिळाले. परीक्षकांनी शेऱ्यात आकाशाची विशेष तारीफ केली होती. त्या मुलीला काहीच मिळाले नाही. सर बक्षिसाचा कागद घेऊन संध्याकाळी आमच्या घरी आले. घोंगडीवर बसून त्यांनी वडिलांना तो वाचून दाखवला, दोनदा. वडील लिहिता-वाचता न येणारे, त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "सर म्हणत्यात तर व्हऊ द्या मॅट्रिक. पुढचं पुढं." माझे वाशीला जाणे टळले. मी दहावी झालो. पुढे शिकणे जमले नाही. पण त्या दहावीवरच काही वर्षांनी वस्तीशाळेवर तुटपुंज्या मानधनाची नोकरी लागली, पुढे तीच कायम झाली, आणि रात्री कंदिलापाशी बसून कादंबऱ्या लिहिण्याइतके स्थैर्य मिळाले. हे सगळे त्या पाच मिनिटांच्या आकाशाखाली उभे आहे. चित्र शाळेने फ्रेम करून सभागृहात, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले. खाली माझे नाव.

आता यात नीतीचा प्रश्न काय, असे कोणी विचारील. एका गरीब मुलाचे शिक्षण वाचले, मास्तरांनी थोडे खोटे केले. तराजूच्या कोणत्या पारड्यात वजन जास्त, हे काय सांगायला हवे? मीही पुष्कळ वर्षे मनाशी असेच म्हणत आलो. परंतु या तराजूला तिसरे पारडे आहे, आणि ते माझ्या डाव्या हाताला पायरीवर बसले होते. सरांनी मला जे दिले ते त्यांचे स्वतःचे असते, तर त्याला दान म्हणता आले असते. त्यांनी दिलेले बक्षीस दुसऱ्याच्या ताटातले होते. चांगुलपणाच्या भरात माणूस हे हमखास विसरतो. आपण एकाला उचलतो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर पाय ठेवलेला असतो का, हे खाली वाकून पाहायला चांगुलपणाला उसंत नसते.

मी सरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मी स्वतः आता मास्तर आहे आणि माझे हात काही धुतलेले नाहीत. सव्वीस जानेवारीची भाषणे, तालुक्याच्या निबंधस्पर्धा यांत मुलांच्या तोंडी आणि मुलांच्या वहीत कोणाचे शब्द असतात, हे प्रत्येक मास्तरला आणि प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. मीही लिहून दिली आहेत. एका वर्षी वस्तीवरची एक मुलगी असे भाषण करून पहिली आली. पेला घेऊन ती माझ्याकडे आली आणि अगदी निर्मळपणे म्हणाली, "गुरुजी, हा कुठं ठेवू? तुमच्या कपाटात का आमच्या घरी?" तिला त्यात काही बोचरे म्हणायचे नव्हते. म्हणूनच मला ते अजून बोचते. त्यानंतर मी भाषणे लिहून देणे सोडले. माझ्या शाळेला त्यानंतर पेला मिळालेला नाही, हेही खरे.

कलेत एकाच्या चित्रात दुसऱ्याचा हात असणे नवे नाही. खुद्द रविवर्म्याच्या चित्रांतले डोंगर, झाडे यांत त्यांचे धाकटे बंधू राजाराजवर्मा यांचा हात असे. दोघे मिळून हिंडत, मिळून रंगवीत. राजाराजवर्मा स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते. १९०५ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी रविवर्मा. जगाने एकाचे नाव लक्षात ठेवले, पण त्यात फसवणूक नव्हती. ते दोघांनी जाणूनबुजून पत्करलेले होते. आमच्या चित्रात छापील ओळीखाली सही होती. सगळा फरक त्या सहीत आहे.

सर गेल्यावर शोकसभा झाली, तीत मी बोललो. सर आकाश कसे करीत याचे मी रसभरित वर्णन केले: कागद कसा भिजवीत, वरून निळा कसा सोडीत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले. बक्षिसाचे मी बोललो नाही. बोललो असतो तर काय झाले असते? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या माथी खोट्या सहीचा आरोप आला असता, तोही तिरडीची फुले सुकण्याआधी, आणि आरोप करणारा कोण, तर ज्याचा त्यात फायदा झाला तो! सत्तावीस वर्षे खाऊन झाल्यावर ताट खरकटे असल्याची तक्रार करायची? उलट, गप्प राहिलो तर सरांचे आकाश माझ्या नावावर कायमचे. तेव्हा खरे बोलणे म्हणजे सरांची अब्रू घेणे आणि गप्प राहणे म्हणजे सरांचे चित्र घेणे. काय करावे हे मला सुचेना; आणि असे सुचेनासे झाले, की माणूस जे करतो तेच मी केले. पुढे ढकलले.

२०२४ च्या जानेवारीत माजी विद्यार्थ्यांनी सरांच्या चित्रांचे प्रदर्शन शाळेत भरवायचे ठरवले. त्यांच्या घरातून दीड-दोनशे चित्रे निघाली. ट्रंकेत, वर्तमानपत्रांत गुंडाळलेली, आणि रंग असे ताजे, की काल केलेली वाटावीत. सर आपली चित्रे भिंतीवर का लावीत नाहीत, याचा उलगडा तेव्हा झाला. जलरंगाचा खरा शत्रू ऊन. इंग्लंडात १८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघांनी प्रयोग करून, कोणता रंग उजेडात किती टिकतो हे सरकारला लिहून दिले होते. टर्नर या प्रसिद्ध चित्रकाराची अडतीस जलरंगचित्रे हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाने १९०० साली मृत्युपत्राने एडिंबरोच्या चित्रसंग्रहालयाला दिली, ती एका अटीवर: फक्त जानेवारीत दाखवायची. त्या देशात त्या महिन्यात ऊन सर्वांत मंद. बाकी अकरा महिने चित्रे अंधारात. हे वाचले तेव्हा मला सरांची ट्रंक आठवली. असो.

'शिष्यांची चित्रे' म्हणून एक लहान भाग प्रदर्शनात ठेवायचा होता, त्यासाठी सभागृहातले माझे चित्र भिंतीवरून काढले. वर्षानुवर्षे पाहून कोणी ते पाहतच नव्हते, मीही नाही. हातात घेतले आणि चपापलो. आकाश नव्हते. देऊळ, पायऱ्या, वाडा, जे मी गेरूने, काव्याने, तपकिरीने भरले होते, ते सगळे जागच्या जागी, ठसठशीत. मातीचे रंग टिकतात. पण वरचा सगळा भाग मळकट पांढरा झाला होता. किरमिजी पार उडाला होता, पिवळा उडाला होता, निळ्याची राखाडी सावली तेवढी उरली होती. विद्यार्थ्यांच्या स्वस्त पेटीतले ते रंग, आणि समोर खिडकी. सत्तावीस वर्षे ऊन त्यावर रोज येत होते.

फ्रेमची काच तडकली होती, म्हणून मी ते वाईला फ्रेमवाल्याकडे नेले. त्याने मागचे खिळे काढले, पुठ्ठ्याची चौकट उचलली आणि म्हणाला, "गुरुजी, हे बघा." कागदाच्या कडेने, चौकटीखाली झाकली गेलेली करंगळीएवढी पट्टी होती. तिथे आकाश होते. वर निळे, खाली उतरत उतरत तो किरमिजी, आणि त्याखाली पिवळा. जसेच्या तसे, १९९६ च्या जानेवारीतल्या सकाळचे. मी दुकानातल्या बाकावर बसलो. फ्रेमवाल्याने पाणी आणून दिले.

नवी चौकट त्याला रुंद कापायला सांगितली, ती पट्टी दिसेल अशी. आणि प्रदर्शनात चित्राखाली लावायचे कार्ड आले तेव्हा मी त्यावर लिहिले: 'आकाश सरांचे. बाकीचे माझे. १९९६ च्या स्पर्धेत हे संपूर्ण माझे म्हणून पाठवले गेले.' अक्षर नीट काढले. वाटले, झाले एकदाचे.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी ते कार्ड मोठ्याने वाचले, चष्मा काढला आणि भाषणात म्हणाले, "यालाच म्हणतात गुरुभक्ती! स्वतःच्या चित्राचे श्रेयसुद्धा गुरूच्या चरणी वाहिले!" टाळ्या झाल्या. मी उठून काही म्हणू लागलो, तर शेजारच्यांनी माझा हात दाबून मला खाली बसवले. माझा विनय त्यांना आणखीच आवडला. खरे सांगूनही खोटे ठरता येते, हे मला त्या दिवशी समजले. म्हणून हा लेख. इथे कोणी हात दाबून बसवू शकत नाही.

ती मुलगी प्रदर्शनाला आली होती. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. सोबत तिने फडक्यात गुंडाळलेला एक ब्रश आणला होता; सरांच्या वस्तूंच्या टेबलावर ठेवण्यासाठी. तो सरांचा स्वतःचा, चांगल्या केसांचा ब्रश होता. आमच्यापैकी कोणालाही ज्याला हात लावायची परवानगी नव्हती तो. त्या वर्षी पावसाळ्यात एके दिवशी सर तिच्या घरी आले, तिच्या वडिलांशी पीकपाण्याच्या गप्पा मारल्या, चहा घेतला, आणि उठताना तो ब्रश तिच्यापुढे ठेवून काही न बोलता निघून गेले. तिने तो एकदाही पाण्यात बुडवला नव्हता. त्या वर्षी तिने चित्रकला सोडली होती.

"तुला तेव्हाच माहीत होते?" मी विचारले.

"अरे, शेजारी तर बसले होते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाजवळ बोलायचे? सरांजवळच?" ती थोडा वेळ गप्प राहिली. "राग होता. तुझ्यावर नव्हता फारसा. त्यांच्यावर होता. अजून थोडा आहे." मग म्हणाली, "दर दिवाळीला कार्ड मात्र यायचे. मी ठेवली आहेत सगळी."

ती चित्रापुढे गेली. कार्ड वाचले, त्यावर काही बोलली नाही. वाकून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून ती कडेची पट्टी पाहत राहिली. मागे लोक खोळंबले. मी म्हटले, सर कागद भिजवून वरून निळा सोडीत, तो कसा उतरत आला आहे बघ.

"वरून नाही," ती म्हणाली. "एरवी वरून करायचे. त्या दिवशी त्यांनी पाट उलटा धरला होता. आधी पिवळा, मग तो लाल, निळा सगळ्यात शेवटी. मी बघत होते ना."

मी म्हटले, मीही बघत होतो.

"छे! तू कुठे बघत होतास?" ती हसली. "तू म्हशी बघत होतास."